गाळात रुतलेली होडी

"...मग अजून काय करायचं ऱ्हायलंय माझं, बाबा?"

झोपडीच्या दारात फकीर नूरशाह ओल्या लाकडांशी झटत होते.

अनाजी डोर्लेकर ओट्यावर मटकन बसला. सकाळपासून चिखलात उभं राहून त्याचे पाय भरून आले होते. समोर खाडीत त्याची उतारूंची होडी कुशीवर कलंडून पडली होती. काल रात्रीच्या वादळात दोर तुटला आणि ती गाळात जाऊन रुतली. आज उधाणाची शेवटची मोठी भरती. पाणी चढेल तेवढ्यात ओढून काढली तर निघेल, नाहीतर जागच्या जागी कुजेल. क्रेनवाला गाळ पाहूनच माघारी फिरला होता.

"पूल झाला तरी लोकांनी होडीनंच यावं, म्हणून काय काय नाय केलं? धुराचं इंजिन काढलं, बॅटरी बसवली. छपरावर सोलर घातला. गाद्या, जॅकेटं, मोबाइलवर तिकीट... सगळं मुसळ केरात."

"हं..."

"बापाच्या वेळंला बाया होडीतलं पाणी उपसायच्या. म्हातारेकोतारेसुद्धा वल्ह्याला हात लावायचे. मला लाज वाटायची त्याची. मी पाटीच लावली, कुणी कशाला हात लावायचा नाय. जावयासारखं बसवून नेलं लोकांना."

"आणि आता?"

"आता काय! काठावर जत्रा जमलीय. एक माणूस चिखलात उतरत नाय. नुसते बघतायत." अनाजी पोटऱ्या चोळू लागला. "थकलो, बाबा. सोडून द्यावं झालं."

बाबा उठले. पाण्याचा भरलेला हंडा उचलू लागले. तो त्यांना पेलवेना. अनाजी लगबगीने उठला.

"राहू दे. पाहुणा आहेस तू."

तो बसला. बाबांनी हंडा जरासा सरकवला, दम खाल्ला. पाणी हिंदकळून त्यांच्या कफनीवर सांडलं. अनाजी पुन्हा उठला.

"बस म्हटलं ना. तुला कशाला त्रास?"

दमलेल्या माणसाला बसायला मिळालं की बरं वाटतं म्हणतात. अनाजीला मात्र तो ओटा टोचू लागला.

हंडा कसाबसा चुलीपाशी पोचला. धूर कोंडला. म्हातारा खोकून खोकून वाकला. अनाजीने फुंकणीकडे हात नेला, तर बाबांनी ती दुसऱ्या बाजूला ठेवली.

मग मात्र त्याला राहवलं नाही. राग आला, आणि रागाबरोबर डोळेही भरून आले.

"एवढा परका हाय का मी? साधा हातसुद्धा लावायचा नाय?"

बाबांनी खाडीकडे पाहिलं. पाणी चढू लागलं होतं...

"हेच विचारायला ती माणसं काठावर उभी आहेत."