गोजराक्काची हाक

फार जुनी गोष्ट आहे ही. बालाघाटाच्या डोंगराखाली आमच्या पिंपरणीत तेव्हा जिकडेतिकडे ज्वारीच पेरत. त्या ज्वारीचा एक वैरी होता, टारफुला. हे तण मातीखालीच ज्वारीच्या मुळाला चिकटतं आणि तिचा रस पितं. रान हलकं असलं, पावसाने ओढ दिली, की त्याला जोर चढतो. वर येऊन फुललं की त्याचं धुळीसारखं बी वाऱ्याने गावभर होतं, आणि ज्वारीचं मूळ जवळ येईपर्यंत वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं.

गावात गोजराक्का नावाची बाई होती. ती बांधावरून नुसती चालत गेली तरी ज्वारीच्या कुठल्या ताटाखाली टारफुला आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात. फुलायच्या आत ती बायकांना घेऊन साऱ्या गावाची रानं उपटून काढायची.

तिची धाकटी बहीण कौसा त्याच गावात दिलेली, लवकर विधवा झालेली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कौसा माहेरी फिरकली नाही. तिचं पोर तापाने फणफणलं होतं, पण गोजराक्काने ते कारण मानलं नाही. आई गेली आणि बहिणींचं बोलणं तुटलं.

त्या साली पाऊस कमी झाला. कौसा स्वतःच आजारी. बांधावर येऊन ती म्हणाली, "अक्का, यंदा माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझ्या रानात दोन पाती तरी धर, तेवढ्या ओळी तरी उपटून निघतील."

गोजराक्काने मान वळवली नाही. "आईच्या वेळी मीपण एकटीच होते," एवढंच म्हणाली आणि पुढच्या रानात गेली. बाकीच्या बायकाही तिच्यामागे गेल्या.

कौसाचं रान टारफुल्याने पांढरंशुभ्र फुललं. कणसं भरलीच नाहीत. पोराला घेऊन ती गाव सोडून गेली.

पुढच्या वर्षी साऱ्या शिवारात टारफुला उठला. गोजराक्का बहिणीला शोधत गावोगाव हिंडली आणि एकटीच परत आली. मग तिने लोकांना सांगितलं, ज्वारी थांबवा, कापूस आणि चवळी पेरा. त्यांच्या मुळांनीही ते बी जागं होतं, पण त्यांच्यावर त्याला जगता येत नाही. लोकांनी ऐकलं.

म्हणतात, ती ओळीओळीतून वाकून हाक मारत जायची, "कौसा, ये गं." त्या हाकेने माती लाह्यांसारखी तडतडायची, आणि झोपलेलं बी जागं होऊन मरून जायचं. होता होता सगळी रानं निर्मळ झाली. कौसा आली नाही. एके दिवशी गोजराक्का कापसात वाकलेली दिसली, ती पुन्हा उभी राहिलेली कोणी पाहिली नाही, असं म्हणतात.

अजूनही भादव्यात गाव टारफुला उपटायला निघतं. पहिली पात स्वतःच्या रानात कोणी धरत नाही. ज्याच्याशी अबोला असेल, त्याच्या रानात धरतात. पात संपता संपता दोघांतलं एक जण पाणी पाहिजे का म्हणून विचारतं. कधी कधी कोणीच विचारत नाही. तेव्हा बायका म्हणतात, गोजराक्का अजून हाका मारतेय.