डायलमागचा कागद

"चाचा, मला अजून काय यायचं राहिलंय, तेवढं तरी सांगा."

बाबालालचाचा चष्म्याची काच पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "कुणी म्हटलं राहिलंय म्हणून?"

"मग दुकान काढ, असं का म्हणत नाही?"

चाचा काचेवर फुंकर घालत राहिले…

कुरुंदवाडच्या घाटाजवळ चाचांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. सन्मती तिथं चार वर्षं काम शिकत होता. जयसिंगपुरात त्यानं खोलीही बघून ठेवली होती. पण चाचांच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय त्यांचा कुठलाच शिष्य वेगळा होत नसे.

समोर इंदुमतीबाई चौगुल्यांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर होता. त्यांच्या यजमानांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुवेतहून आणलेला. दुकानात आला तेव्हा आवाज ठीक होता, पण डायल आंधळी झाली होती. काचेवर धुराची पुटं, आतले बल्ब गेलेले.

"आकडे काचेच्या मागच्या अंगाला असतात," सन्मती म्हणाला. "ओला बोळा लागला की पुसतात. मी एक आकडा हलू दिला नाही, चाचा."

"बरं केलंस. लाव बघू."

सन्मतीनं बटण दाबलं. डायल लख्ख पेटली. पांढराशुभ्र उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"पाच एलईडी घातलेत. आता वीस वर्षं बघायला नको."

चाचांनी बटण बंद केलं.

संध्याकाळी इंदुमतीबाई आल्या. त्या दुकानाची एक रीत होती. सेट लावून द्यायचा आणि सेटचा मालक बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं.

बाई स्टुलावर बसल्या. डायलकडे बघता बघता त्यांनी पदर कपाळावर पुढं ओढला, ऊन डोळ्यांवर आल्यासारखा…

सन्मतीला राहवलं नाही. "मावशी, काच मी साफ केली. लाइटही सगळे नवे आहेत. मीच बसवलेत."

"हो का? फार हुशार आहात हो तुम्ही."

मग त्या उठल्या. "राहू दे आजच्या दिवस. उद्या बघते." सेट तिथंच ठेवून त्या घाटाच्या वाटेनं निघून गेल्या.

सन्मतीचे कान तापले.

"बल्बच्या पुढं काय होतं?" चाचांनी विचारलं.

"कागद होता. पिवळा, तेलकट झालेला. टाकून दिला."

"का?"

"उजेड अडवत होता तो."

चाचा हसले. "अडवणारच की. त्यासाठीच लावला होता त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सन्मतीनं एलईडी काढले. साधे तारेचे बल्ब बसवले. बटर पेपर मापानं कापला, चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर काचेमागं सरकवला.

"बल्ब दिसतोय का?" चाचांनी लांबूनच विचारलं.

"दिसतोय, पुसटसा."

"आणखी एक कागद घाल."

घातला.

"आता?"

सन्मती वाकून बघत राहिला. बल्ब कुठं आहे, हे त्याचं त्यालाच कळेना. काच नुसती आतून उजळली होती, काकवीच्या रंगाची. आकडे त्या उजेडात तरंगत होते…

"आता नाही दिसत," तो हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी नदीवर धुकं उतरलं होतं. समोरचा काठ विरघळून गेला होता. इंदुमतीबाई आल्या, स्टुलावर बसल्या. सन्मतीनं सेट लावला आणि हाताची घडी घालून मागं उभा राहिला.

बाईंनी गोल बटण फिरवलं. काटा उजेडातून सरकत गेला, संथ पाण्यातल्या होडीसारखा. कुठलंसं स्टेशन लागलं. लांबून आल्यासारखी सनई…

बाईंचा हात बटणावरच राहिला.

सनई थांबली, दुसरं काही सुरू झालं, तेही संपलं…

"अगंबाई, चहा टाकायला हवा," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "यांची यायची वेळ झाली."

मग दचकून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या किंचित हसल्या, डोळे टिपले. सेट मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. जाताना त्यांनी सन्मतीकडं पाहिलंही नाही.

रिक्षा धुक्यात दिसेनाशी झाली. सन्मती पायरीवरच उभा होता.

"चाचा…"

"काय रे?"

"हे कुणी केलं, एवढंसुद्धा विचारलं नाही त्यांनी."

चाचा आतून पायरीवर आले.

"नाही ना विचारलं?" ते म्हणाले. "मग काढ तू दुकान."