गव्हाणीतली मूठ

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. खाडीकाठी भातशेती करणाऱ्या भाविक ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. कापणी सुरू झाली की प्रत्येक जण भाताची पहिली मूठ कापून घराच्या आढ्याला बांधून ठेवी. नाताळच्या सकाळी तो पेंढा चर्चमधल्या गव्हाणीत अंथरायचा आणि त्यावर बाळ येशूला निजवायचं, अशी तिथली रीत.

त्या गावचा एक तरुण दूरदेशी शिकून फादर झाला. बारा नाताळ त्याने परक्या बर्फात काढले. दर नाताळी डोळे मिटले की त्याला त्या पेंढ्याचा वास येई.

शेवटी तो आपल्याच गावचा फादर होऊन परतला. पण तिकडच्या ग्रंथांत त्याने वाचलं होतं, की अशी पहिली मूठ पूर्वी शेताच्या देवीसाठी ठेवत. पहिल्याच रविवारी त्याने बजावलं, "ही जुन्या देवांची चाल आहे. यंदा पेंढा नको. गव्हाणीत मखमल अंथरू."

"फादर," एक म्हातारा म्हणाला, "बाळ गोठ्यात जन्मलं हो, कापडाच्या दुकानात नाही!"

सगळे हसले. फादर हसला नाही. मग लोकांनीही निमूट ऐकलं.

नाताळ उजाडला. मखमल झळकत होती. लोक रिकाम्या हातांनी आले, गुडघे टेकून निघून गेले. गव्हाणीपाशी कुणी रेंगाळलं नाही. फादरने वाकून खोल श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. आपण अजून घरी पोचलोच नाही, असं त्याला वाटलं.

तो आईकडे गेला. "आई, ती मूठ तू कुणासाठी ठेवायचीस?"

"ज्यानं पीक दिलं त्याच्यासाठी. माझ्या खापरपणजीला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मला आहे." तिने वर आढ्याकडे पाहिलं. "बारा वर्षं मी दोन मुठी वाहिल्या, पोरा. एक माझी, एक तुझी. यंदा म्हटलं, तुझी तू वाहशील."

"आहे का गं ती अजून?"

"गाईला घातली. तूच सांगितलंस ना?"

शेतात आता नुसती धसकटं उरली होती. वर्षभर तो रोज बांधावर जाऊन उभा राही. भात पिकलं, तेव्हा मूठ कापायला पहिला विळा त्याने हाती घेतला, आणि तोवर सारा गाव त्याच्यासाठी थांबला.

रीत कुठून निघाली हे विचारण्याआधी, ती आज कुणाच्या पायाशी पोचते ते पाहावं.