घरी ठेवलेली पिल्लं

फार पूर्वी एका डोहाकाठी पाणमांजरांच्या पिल्लांना पोहायला शिकवणारी शाळा होती. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी कच्च्या पिल्लांना दटावायचे, "उद्या घरीच बसा!" मग उरलेली सपासप पोहायची आणि तपासनीस बगळा शेरा मारायचा, "सगळी पिल्लं पोहतात."

एके वर्षी त्याच शेऱ्यावर बगळ्याने शाळा बंद केली. सगळ्यांना येतंय, मग शिकवायचं कुणाला?

सगुणा पाणमांजरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बसवलेल्या लेकाला पाठुंगळी घेऊन ती बगळ्यापुढे उभी ठाकली. "साहेब, हा कुठं पोहतो?"

बगळ्याने वही चाळली. "तपासणीच्या यादीत याचं नावच नाही, बाई."

"असं? मग डोहाला पूर आला, की त्या पुराला तुमची यादी दाखवू का?"