दारात उभे राहिलेले थोमाजी पंडित

प्रवरेवर पूल नव्हता, लोक नावेनं ये-जा करायचे, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या धामोरे गावात थोमाजी अमोलिक नावाचे पंडित होते. ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एका देवळात जमणारे भाविक, कुठे वाढतात, कुठे खुंटतात, हे शोधत ते बारा वर्षं गावोगाव पायी फिरले. ते बोलायला लागले की रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबायच्या. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की ताप उतरायचा, असं म्हणतात.

त्यांची शिकवण साधी होती. "माणूस देवाकडे एकटा येत नाही, सोयऱ्यांना घेऊन येतो. ज्याला त्याला आपल्या माणसांत बसू द्या. आधी येऊ तर द्या!" लोक आले. चाळीसांची मंडळी चारशेंची झाली. पण वरची वस्ती आणि खालची वस्ती जुन्या जातींप्रमाणे वेगळी बसायची, आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा, द्राक्षारसही दोन पेल्यांतून प्यायची. पंडितांनी ते चालू दिलं. एवढा शहाणा माणूस, आणि त्याला डोळ्यांसमोरचं दिसू नये!

एका रविवारी खालच्या वस्तीची सगुणाबाई तापानं फणफणलेली लेक खांद्यावर घेऊन आली. त्यांच्या वस्तीचा पेला रिकामा झाला होता. तिनं शेजारच्या पेल्याला हात लावला. मंडळीचे पंच याकोबराव, वरच्या वस्तीचे. त्यांनी तो हिसकावला. लाल रस पोरीच्या अंगावर सांडला. सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

"पंडितजी, तुमीच शिकवलं ना, ज्यानं त्यानं आपल्या माणसांत?" याकोबराव म्हणाले. रागानं नाही, अगदी अदबीनं.

पंडितांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. ताप हलेना. पुन्हा ठेवला. तसाच. सगुणाबाई ओरडली, "आता का वं उतरंना?" सारं देऊळ हादरलं.

"माझं चुकलं," पंडित म्हणाले. चारशे माणसांसमोर! दोन्ही पेले बाजूला सारून त्यांनी एका तांब्यात रस ओतला, पहिला घोट पोरीला दिला आणि तांब्या याकोबरावांपुढे धरला. याकोबराव उठून चालते झाले. त्यांच्यामागे वरची वस्ती गेली, आणि त्यांच्या भीतीनं खालच्या वस्तीतलेही कितीतरी गेले. चारशेंतले एकोणीस उरले. तेवढ्यात पोरीला दरदरून घाम फुटला आणि तिनं डोळे उघडले, असं म्हणतात.

मंडळ्या वाढवायची विद्या शिकलेल्या माणसानं स्वतःचं देऊळ रिकामं केलं. पंचक्रोशी थक्क झाली. त्यानंतर दर प्रभुभोजनाला पंडित तो तांब्या घेऊन दारात उभे राहायचे. बाहेर गेलेला शेवटचा माणूस परत येईपर्यंत स्वतः प्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकेक जण परतला. सतरा वर्षं लागली. याकोबराव तेवढे आले नाहीत. पंडितांनी त्याच दारात, उभ्या उभ्या प्राण सोडला, आणि तांब्यातला थेंबही सांडला नाही, असं म्हणतात. त्यांच्या मातीला याकोबराव आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तो तांब्या मागून घेतला आणि त्यातला घोट घेतला.

आजही पंडितांच्या आठवणीच्या रविवारी धामोऱ्याचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, सगळ्यांच्या शेवटी पितात. त्याआधी दार उघडून विचारतात, "बाहेर कोण राहिलं?" मग याकोबरावांच्या घरातलं कुणीतरी उठून बघायला जातं.

दरवर्षी कोणी ना कोणी असतंच.