हात थांबला की भरणारी पाटी

एका डोंगराळ राज्यात एक कारागीर होता. तो हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

त्या राज्यात रयतेचं गाऱ्हाणं चावडीतल्या एका जादूच्या पाटीवर लिहिलं जाई. इथे लिहिलेला मजकूर अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या राजवाड्यात, दुसऱ्या पाटीवर तिथल्या तिथे उमटे. पाटी कारागिराने घडवलेली होती. लिहिण्याचं काम एका म्हाताऱ्या लेखनिकाकडे होतं.

पहिल्या वर्षी कारागिराने पाटीला शब्द पुरे करायला शिकवलं. ‘महा’ लिहिलं की पुढचं ‘राजांच्या चरणी’ आपोआप उमटे. लेखनिकाचे हात थरथरत, त्याने मनापासून दुवा दिला.

दुसऱ्या वर्षी दोन शब्द लिहिताच खाली पाच वाक्यं दिसू लागली. हवं त्यावर बोट ठेवायचं. लोकांनी आजवर जे जास्त वेळा लिहिलं असेल ते सगळ्यात वर. हेही बरं होतं.

तिसऱ्या वर्षी कारागीर म्हणाला, “बोट तरी कशाला हवं?” आणि त्याने अशी करामत केली, की लिहिणाऱ्याचा हात थांबला की वरचं वाक्य आपोआप जागेवर बसे आणि थेट राजवाड्यात जाई.

“अरे, माणूस विचार करायला थांबतो,” लेखनिक म्हणाला.

“काका, विचार आधीच हजार जणांनी केलाय. तुम्ही नवीन काय दिवे लावणार?”

राजाने कारागिराला शालजोडी दिली. लेखनिक गप्प बसला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस संततधार लागली. नवव्या दिवशी सकाळी ठकाबाई नावाची बाई धापा टाकत चावडीत शिरली. ती डोंगरातल्या तलावापाशी राहायची. चावडी होती खालच्या पेठेत, तलावाच्या थेट खाली. दोनशे घरांची वस्ती.

“दादा, लिहा लवकर. बांधाच्या बुडातून पाणी येतंय.”

“बाई, ते दरवर्षी येतं.”

“दरवर्षी निवळ येतं हो! आज गढूळ येतंय. आतली माती वाहून चाललीय. बांध पोखरतोय. माझी लेक या पेठेत बाळंतीण आहे, सहा दिवसांचं पोर आहे तिचं. तिला मी उचलून नेईन, पण बाकीच्यांचं काय? नगारा वाजवा!”

लेखनिकाने पाटी पुढे ओढली. नगारा वाजल्याशिवाय पेठ हलत नसे, आणि राजवाड्याच्या हुकमाशिवाय नगाऱ्याला हात लावणाऱ्याला तुरुंग होता. त्याने घाईने लिहिलं: ‘तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी’. मग पुढे कसं लिहावं म्हणून एक क्षण थांबला.

पाटी भरली: ‘नेहमीप्रमाणे निवळ पाणी पाझरत आहे. काळजी नसावी.’

“अहो, हे कुणी लिहिलं?” ठकाबाई ओरडली.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधीच ‘गढूळ पाणी’ लिहिलं. बोटं मध्येच अडकली. पाटी भरली: ‘गढूळ पाणी येत असल्याने विहिरीचा उपसा करावा.’

तिसऱ्यांदा त्याने एकच शब्द लिहिला, ‘धोका’, आणि श्वास घेतला. पाटी भरली: ‘धोका टळला. महाराजांचे आभार.’

लगेच राजवाड्यातून उत्तर उमटलं: ‘वाचून आनंद झाला.’

कारागीर चावडीतच बसला होता. लेखनिकाने त्याचा दंड धरला. “बंद कर तुझी ती करामत!”

“सबंध पाटी उकलावी लागेल. दोन दिवस जातील. आणि काका, एवढ्या वर्षांत कुणीच लिहिलं नाही की बांध फुटतोय. आज एका बाईला वाटलं म्हणून?”

“फुटल्यावर लिहायला कोण उरणार आहे, मेल्या?” ठकाबाई म्हणाली. “चल, पाण्यात हात घालून बघ.”

कारागीर जागचा हलला नाही.

लेखनिकाने पाटीकडे पाहिलं. तिथे आनंदीआनंद होता. हुकूम येणार नव्हता. नोकरी जाणार, तुरुंग मिळणार, आणि बाईचा अंदाज चुकला तर पेठ तोंडावर थुंकणार. तरी तो उठला, चावडीच्या अंगणात गेला आणि त्याने नगाऱ्यावर टिपरी हाणली.

पेठ उठली. कुणी शिव्या घालत, कुणी पोरं काखेत मारून टेकडी चढले. ठकाबाईने लेकीला पाठीवर घेतलं, नातवाला शेजारणीने. सगळ्यांत शेवटी, सगळे जाताना पाहून, कारागीरही धावला.

दुपारी बांध फुटला. दोनशे घरं गेली, गोठ्यातली जनावरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजा आला. हातात तीन निरोपांच्या नकला होत्या. “तीनदा कळवलंत, पण बांध फुटतोय असं एकदाही नाही. मग नगारा कुणाच्या हुकमाने वाजला?”

“हुकूम नव्हता, महाराज,” लेखनिक कसाबसा म्हणाला.

ठकाबाई पुढे झाली. “महाराज, मी सांगत होते तेव्हा तुमची पाटी ऐकत नव्हती. बोलत होती.”

राजाने टेकडीवर भिजत बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग त्या नकला फाडल्या. लेखनिकाला त्याने सोडून दिलं, आणि कारागिराला तिसऱ्या वर्षीची करामत काढून टाकायला फर्मावलं.

“पण महाराज,” कारागीर पुटपुटला, “लिहिणाऱ्याचा हात थांबला, तर पाटीने करायचं काय?”

“तिनेही थांबायचं,” राजा म्हणाला.

तात्पर्य: समोरच्याचं बोलणं पुरं होण्याआधीच जो ते पुरं करून टाकतो, तो त्याची सोय करत नाही, त्याचं तोंड बंद करतो, आणि हे दिसत असताना गप्प बसणाराही त्यात सामील असतो.