लिंबाजी सरांचा टेकू

त्या टेकूवरचा हात काढ, गोरख! काढ म्हणतो ना! वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला म्हणून कच्च्या स्लॅबखालचे टेकू ओढायला निघालास, शहाणाच आहेस. बस त्या वाळूवर. पोरांनो, तुम्हीपण बसा नि ऐका.

तुमच्या आजोबांच्या मिशा काळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या हिवरखोरीत शाळेवर पहिल्यांदा स्लॅब टाकला. गावाला कोण आनंद! उद्घाटनाला पाडव्याचा मुहूर्त धरला. स्लॅब अजून ओला होता, पण मुहूर्त टळेल म्हणून गावानं टेकू काढले. गावानंच काढले हं, परक्यानं नाही. टेकाळ्यांची कौतिका तोरण बांधायला आत गेली आणि छत तिच्यावर आलं. गाव म्हणालं, देवाची मर्जी. कसली मर्जी? देव आला होता का टेकू काढायला?

तिचा भाऊ लिंबाजी. तो रडला नाही, असं म्हणतात. ढिगाऱ्यातलं काँक्रीटचं एक ढेकूळ त्यानं उचललं आणि गाव सोडलं. शिकला, इंजिनियर झाला, मोठ्या कॉलेजात प्रोफेसर झाला. दरसाल नव्या पोरांच्या हातात तो ते ढेकूळ द्यायचा आणि म्हणायचा, "चुरडा." बोटांनीच त्याचा भुगा व्हायचा. मग म्हणायचा, "याच्याखाली माझी बहीण होती." कितीही चुरडलं तरी ते ढेकूळ संपलं नाही, असं म्हणतात. भिंतीला नुसती टिचकी मारून सर तिच्यात काय खोट आहे ते सांगायचे. ठेकेदार लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे.

पुढं सर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इथं पेढे वाटले, सत्काराचं बोलावणं धाडलं. सर आले नाहीत. कशाला येतील?

तिथं मुलींचं वसतिगृह बांधत होते. स्लॅब नुकताच टाकलेला, आणि मंत्रीसाहेबांनी उद्घाटनाची तारीख दिली. सरांनी सांगितलं, "स्लॅबचे दिवस भरू द्या. बाळंतपण कुणी तारखेवर ओढतं का?" कुणी ऐकेना. तेव्हा सरांनी आपली खुर्ची उचलली आणि त्या टेकूंच्या मधोमध नेऊन मांडली. तिथंच सह्या, तिथंच बैठका. साहेबांचा माणूस आला, म्हणाला, "सर, टेकू काढा, नाहीतर वरून तुम्हालाच काढतील."

सर म्हणाले, "मला काढा की! मला काढल्यानं कुणाच्या डोक्यात काही पडत नाही."

काढलं त्यांना! खरंच काढलं. नवा कुलगुरू आला, टेकू निघाले, रंग लागला, मांडव सजला. साहेबांनी फीत बाहेरच कापली बरं का, आत पाऊल टाकलं नाही. आत कुणाला उभं केलं? पोरींना, हातात आरतीची ताटं देऊन!

तेवढ्यात गर्दी फोडून सर आत शिरले. वर करकर वाजायला लागलं होतं. सर मधोमध उभे राहिले आणि उजवा हात वर लावला. छत उंच होतं, पण हात पोचला, असं म्हणतात. हसतोस काय रे? पोचला! "पोरींनो, बाहेर व्हा!" ते ओरडले. ताटं टाकून पोरी पळाल्या. शेवटची पोरगी उंबऱ्याबाहेर पडली, मग सर बाहेर आले, आणि मग छत खाली आलं.

आणि साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? देवाची कृपा! वर चौकशी लावली, ती कुणावर? सरांवर! चोर सोडून संन्याशाला सुळी.

सर मग इथं परत आले. उजवा हात वर गेला तो गेलाच, परत खाली आला नाही. डाव्या हातानं जेवायचे. तिरडीवरसुद्धा तो हात वरच होता, आणि खांदेकऱ्यांत एकाचीही मान वर नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासून हिवरखोरीत स्लॅब टाकला की मधल्या टेकूला लाल फडकं बांधतात. तो सरांचा टेकू. सगळ्यात शेवटी तोच निघतो. निघताना घरधन्यानं आपलं लेकरू खाली बसवायचं आणि स्वतः उजवा हात वर करून शेजारी उभं राहायचं. त्याशिवाय या गावात कुणी तो टेकू काढत नाही, मुहूर्त गेला खड्ड्यात.

हं, ऊठ गोरख. तुला घाईच आहे ना? बोलव तुझ्या लेकीला, चिमीला. बसव इथं, लाल फडक्यापाशी. तू हात वर कर, मी काढतो टेकू. ऊठ की!

का रे, परत खाली बसलास?

मग जा, भटजींना म्हणावं पुढची तारीख बघा. आणि तो पाण्याचा पाइप दे इकडं. ऊन चढलंय, स्लॅब पार वाळलाय वरनं, पाणी मारायला हवं.